लहान मुलं स्वतःशीच का बोलतात?

चार वर्षांची मुलगी ठोकळ्यांचा मनोरा रचते आहे. समोर कोणी नाही, तरी तोंड चालूच. ‘हा मोठा खाली... अंहं, हा नाही बसत. फिरव. अजून फिरव. हां, बसला!’ ‘फिरव’ ही सूचना तिच्याच हातांना आहे. साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत अशी बडबड भरपूर ऐकू येते. काही पालकांना ती ऐकून काळजी वाटते, पण खरं तर मूल त्या वेळी स्वतःला सांभाळायला शिकत असतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात मुलांचं बोलणं शब्दशः टिपून घेतलं होतं. सहा वर्षांच्या दोन मुलांच्या बोलण्यातला जवळजवळ निम्मा भाग समोरच्याला काही सांगण्यासाठी नव्हताच. लहान मुलाला दुसऱ्याची बाजू लक्षात घेता येत नाही, म्हणून हे होतं आणि वयाबरोबर गळून पडतं, असं पियाजे यांचं मत.

रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांना ते पटलं नाही. त्यांनी मुलं चित्र काढत असताना मुद्दाम अडचणी आणल्या: हवी ती रंगीत पेन्सिल नाही, कागद नाही. स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं! एक मूल निळी पेन्सिल सापडेना तेव्हा पुटपुटलं, की लाल रंगाने काढतो, पाण्याने ओला करतो, म्हणजे गडद होऊन निळ्यासारखा दिसेल. ही निव्वळ बडबड नाही. अडचण ओळखणं, पर्याय शोधणं, परिणामाचा अंदाज बांधणं, सगळं इथे मोठ्याने चाललं आहे.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते व्हिगॉट्स्कींचं आणखी एक निरीक्षण. अगदी लहान मूल आधी चित्र काढतं आणि मग ते कशाचं आहे ते सांगतं. थोडं मोठं झालं की काढता काढता सांगतं. त्यानंतर, काढण्याआधीच. कृतीच्या मागून येणारे शब्द असे हळूहळू पुढे सरकतात आणि बेत आखू लागतात. मोठ्यांनी दिलेल्या सूचना मूल स्वतःलाच देऊ लागतं. पुढे आवाज उतरतो, नुसते ओठ हलतात आणि शेवटी ते बोलणं मनातल्या मनात चालतं.

१९६८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग आणि सहकाऱ्यांनी हाच प्रवास तपासला. हे बोलणं आधी वाढतं, मग ओसरतं. हुशार मुलांमध्ये तर ते लवकर शिगेला पोचतं.

एक गोष्ट मात्र चटकन फसवते. पुटपुटणारं मूल त्या क्षणी इतरांपेक्षा जास्त चुकताना दिसू शकतं, कारण काम अवघड असतं तेव्हाच तर ते बोलतं. म्हणून ‘गप्प बसून कर’ असं सांगणं म्हणजे ऐन गरजेच्या वेळी त्याचा आधार काढून घेणं.

याच आधाराचा उपयोग मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबाम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांसाठी केला. मोठं माणूस आधी स्वतः बोलत बोलत काम करून दाखवी. मग मूल तेच मोठ्याने, नंतर कुजबुजत आणि अखेर मनात बोलत करी. चाचण्यांमधली कामगिरी सुधारली, वर्गातल्या वागण्यात तेवढा फरक दिसला नाही. करून दाखवताना ते माणूस मुद्दाम एखादी चूकही करी आणि स्वतःलाच सांगे, की चुकलं तरी हरकत नाही, सावकाश पुढे जाता येतं.