सिनरॉक

सिनरॉक म्हणजे अणुभट्टीचा जहाल किरणोत्सारी कचरा कोंडून ठेवायला बनवलेला सिरॅमिक दगड, नाव सिंथेटिक रॉकवरून आलंय. १९७८ च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचे भूरसायनतज्ज्ञ टेड रिंगवुड यांनी ही कल्पना मांडली. डोंगरातली काही खनिजं कोट्यवधी वर्षं युरेनियम-थोरियम धरून बसलीत, मग कचराही तसल्याच स्फटिकांत का बसवू नये? म्हणून यात कचऱ्यातलं सीझियम हॉलंडाइट या खनिजात जातं, स्ट्रॉन्शियम पेरोव्हस्काइटमध्ये, आणि प्लुटोनियमसारखे जड अणू मुख्यतः झिर्कोनोलाइटमध्ये.

खरा वाद आहे तो हे किती टिकेल याचा. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे २४,१०० वर्षं, एवढं कोण थांबणार! प्रत्येक अल्फा क्षयात, म्हणजे अणू अल्फा कण बाहेर फेकतो तेव्हा, मागे उरलेलं जड अणुकेंद्रक बंदुकीसारखा उलटा धक्का खातं आणि आजूबाजूचे शेकडो-हजारो अणू जागचे हलवतं, असं होत होत स्फटिकाची घडी मोडते, पदार्थ फुगतो, तडे जायची भीती असते. ही अवस्था लवकर गाठायला प्रयोगशाळेत प्लुटोनियम-२३८ घालतात, त्याचं अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षंच आहे. २००७ मध्ये केंब्रिजच्या इयान फर्नान आणि सहकाऱ्यांनी झिरकॉनवर (हे वेगळं खनिज, झिर्कोनोलाइट नव्हे) मोजमाप केलं, तेव्हा एका क्षयात सुमारे ५,००० अणू हलतात असं निघालं, म्हणजे १० टक्के प्लुटोनियम-२३९ घातलेला झिरकॉन साधारण १,४०० वर्षांतच स्फटिकपणा गमावेल, आणि हा आकडा आधीच्या अंदाजांपेक्षा बराच चिंतेचा होता.

पण घडी मोडली म्हणजे कचरा लगेच बाहेर आला, असं मात्र नाही. निसर्गातले जुने झिर्कोनोलाइट पार अस्फटिक झालेत, तरी त्यांनी युरेनियम-थोरियम बऱ्यापैकी धरून ठेवलंय, त्यामुळे काही वर्षांच्या प्रयोगापेक्षा हा पुरावा जास्त वजनाचा वाटतो, फक्त त्या खनिजांनी सोसलेलं पाणी आणि तापमान कचऱ्याच्या साठवणीसारखंच असेल असं धरून चालत नाही. मोनाझाइट या फॉस्फेट खनिजाचं तर आणखी विशेष, ते कमी तापमानालाही स्वतःला सावरतं, म्हणून निसर्गात बहुतेक स्फटिकच सापडतं. गॅडोलिनियम झिर्कोनेट हे सिरॅमिकही अशा किरणोत्सारी माऱ्याला चिवट आहे, त्यातल्या झिर्कोनियमच्या जागी टायटॅनियम घातलं की तो चिवटपणा जातो.

पाण्यात टिकायच्या बाबतीत सिनरॉकमधला कच्चा दुवा म्हणजे पेरोव्हस्काइट.

भारतात मात्र तारापूर आणि मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) असा कचरा बोरॉन असलेल्या बोरोसिलिकेट काचेतच बंद करतात.