टाचेचं हाड वाढलंय, की नस दबलीय?

टाच दुखते म्हणून एक्स-रे काढला की पुष्कळदा हाडाचं एक टोक पुढे आलेलं दिसतं. "हाड वाढलंय," असं घरभर होतं. मग मऊ चपला, शेक, तळपायाखाली बाटली फिरवणं. बऱ्याच जणांना आराम पडतोही, कारण मुळात दुखत असतो तो तळपायाचा जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. ते वाढलेलं हाड तर टाच कधीच न दुखलेल्यांच्या एक्स-रेतही सापडतं. बिचाऱ्यावर उगाच आळ!

पण महिनोन् महिने उपाय करूनही टाच ऐकत नसेल, तर नसेचा विचार करायला हवा. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.) एक्स-रेत ती दिसतच नाही.

पट्टा दुखत असेल तर सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला कळ येते आणि थोडं चाललं की पाय मोकळा होतो. नसेचं दुखणं बहुधा उलट वागतं. दिवस कलेल तसं ते वाढतं, आग होते, मुंग्या येतात, रात्री पायावर पांघरूणही नकोसं होतं.

यात सगळ्यांत फसवी ती बॅक्स्टरची नस. अमेरिकी अस्थिशल्यविशारद डोनाल्ड बॅक्स्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. घोट्याच्या आतल्या बाजूने उतरून, दोन स्नायूंच्या बेचक्यातून वाट काढत ती टाचेच्या हाडापुढून आडवी करंगळीकडे जाते. या वाटेवर ती चिमटते. त्वचेची संवेदना तिच्याकडे नसल्याने बधिरपणा येत नाही आणि दुखण्याची जागाही पट्ट्याच्या अगदी शेजारची. मग संशय येणार कसा? करंगळी बाहेर फाकवणारा स्नायू मात्र तिच्यावर चालतो. नस फार दिवस दबली तर तो सुकतो आणि एमआरआयमध्ये त्याच्या जागी चरबी दिसते.

बॅक्स्टरची नस जिच्यातून फुटते ती मूळ नसच घोट्यामागच्या बोगद्यासारख्या अरुंद वाटेत दबली, तर तिथे बोटाने टकटक केल्यावर तळपायात झिणझिण्या उठतात. याला टार्सल टनेल सिंड्रोम म्हणतात. हे नाव 1962पासूनचं.

कधी दुखण्याचं मूळ कमरेत असतं. मणक्यातली गादी सरकून तिथून पायात उतरणारी एस-1 नावाची नस दबली, तर टाचेपर्यंत कळ जाते आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं. दोन्ही तळपाय एकदमच जळत असतील, तर आधी रक्तातली साखर आणि बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्या गोळीने बी-12 उतरू शकतं.