मोडी, बाळबोध आणि कोड

नाशिकच्या रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी वही उघडली, तेव्हा मी मामांच्या खांद्यावरून डोकावलो. पानभर सलग शिरोरेषा, तिला लगडलेली मोडी अक्षरं, दोन शब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मला एक अक्षर लागेना. गुरुजींनी मात्र बोट फिरवत पणजोबांचं नाव, गाव, भावंडं घडाघडा वाचली. माझी नवी नोंद त्यांनी केली ती बाळबोधेत, म्हणजे सुट्या, स्पष्ट देवनागरीत.

मी दिवसभर कोड लिहितो, आणि आमच्याकडेही हेच दोन पंथ आहेत: आटोपशीर लिहिणारे आणि सुटं, उलगडून लिहिणारे. सी या प्रोग्रामिंग भाषेत 'मोज'मधला आकडा एकनं वाढवायला 'मोज = मोज + १' ऐवजी 'मोज++' लिहिता येतं. कम्पायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, दोन्हींतून सहसा एकच मशीन कोड काढतो. लघुरूपानं प्रोग्रामचा वेग वाढत नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्याला.

आपल्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं. पण 'एक गोष्ट' केवढी, ते सरावावर ठरतं. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला. मुरलेल्या खेळाडूंना तो बराचसा आठवला, कारण त्यांना सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीच्या रचना दिसत होत्या. सोंगट्या वाटेल तशा मांडल्यावर ते नवख्यांच्याच रांगेत आले. 'मोज++' सरावलेल्याला असंच एका घासात कळतं. 'अट ? हे : ते' अशी, प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी एका ओळीत लिहिलेली अट एकच असेल तर तीही सुटसुटीत. तीन अटी एकमेकींच्या पोटात घातल्या, की सगळे अर्धवट धागे एकदम धरून ठेवावे लागतात.

काटकसर अंगाशीही येते. सीमध्ये 'इफ'खाली (म्हणजे 'जर' या अटीखाली) एकच ओळ असेल तर महिरपी कंस गाळायची मुभा आहे. अ‍ॅपलच्या एका फाइलमध्ये तो गाळलेला होता आणि 'गोटू फेल' ('फेल' या खुणेपाशी थेट उडी मार) ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली. दुसरी ओळही आत सरकवलेली, म्हणून डोळ्याला ती अटीखालची वाटते; कम्पायलरच्या लेखी ती अटीबाहेरची. ती दर वेळी चालायची, सर्व्हरच्या डिजिटल सहीची तपासणी टळायची आणि तरीही निकाल 'सगळं ठीक' असा यायचा. हे २०१४ च्या फेब्रुवारीत उघडकीला आलं, तेव्हा आयफोनसाठी घाईनं अपडेट काढावं लागलं.

म्हणून मी 'मोज++' बेधडक लिहितो. पोटातल्या अटी मात्र सोडवून वेगवेगळ्या ओळींवर आणतो, आणि ओळ एकच असली तरी कंस घालतो.