आटे, ताण आणि ‘अजून थोडं कस’

आमचा भाचा नेमबाजीच्या रेंजवर टू-टू (.२२ बोअरची) रायफल चालवतो. इंदूरहून महू जवळ, आणि महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट, लष्कराचं नेमबाजीचं केंद्र, म्हणजे त्याचं पंढरपूर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य जिंकणारे विजय कुमार तिथलेच, हे तो दर भेटीत एकदा तरी सांगतो. मागच्या रविवारी रामबागेत घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, “मामा, तुमच्याकडे व्हाइस आहे, टॉर्क पाना आहे. बॅरल घरीच बदलली तर? व्हिडिओत पंधरा मिनिटांत होते.” बॅरल म्हणजे बंदुकीची नळी, व्हाइस म्हणजे वस्तू घट्ट धरणारा शिकंजा, आणि टॉर्क पाना म्हणजे आपण लावलेल्या आकड्याएवढा पीळ बसला की ‘टिक’ करणारा पाना.

कायद्याचं उत्तर एका ओळीत संपलं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ आहे, आणि शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा बॅरल परवाना असलेल्या गनस्मिथकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच जाणार. पण हा तिथेच थांबणारा मुलगा नाही. “का पण? नटबोल्टच तर आहे ना शेवटी?” असं त्याने विचारलं आणि दुपार तिथेच गेली.

नटबोल्टच आहे हे खरं. बहुतेक रायफलींची बॅरल आट्यांनीच बसवलेली असते. फक्त ७.६२ मिमीसारख्या मोठ्या काडतुसात चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्यातला दाब ४०० मेगापास्कलच्या आसपास जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ चार हजार पट. काडतूस किती खोल बसतं हे तपासायला वेगळे गेज लागतात, कारण तिथे केसाच्या जाडीएवढी चूकही महागात पडते. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत हा भाग बहुधा कापलेला असतो.

आता आवळण्याचं. आपली इंदुरी मराठी ‘आवळ’ फारसं म्हणत नाही, ‘कस’ म्हणते. ‘अजून थोडं कस’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि माझ्या मते घरगुती दुरुस्तीतली निम्मी नासाडी याच वाक्याने केली आहे. बोल्ट कसताना आपण तो घट्ट करत नसतो, ताणत असतो. तो रबरासारखा लांबतो, परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांना चिकटून राहतात. ८ मिमीचा, ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा दर्जा) साधा बोल्ट २५ न्यूटन-मीटरला (हे पिळाचं, म्हणजे टॉर्कचं माप) कसला की त्यात साधारण १६ किलोन्यूटन ताण येतो. दीड टनाहून जास्त वजन टांगल्यासारखं! आणि ५ सेंटिमीटर लांबीचा बोल्ट वाढतो किती, तर जेमतेम ०.१ मिमी.

गंमत अशी की हा ताण हाताला कळतच नाही. हाताला कळतं ते घर्षण. आपण लावलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांत जातो, आणि ताण द्यायला उरतात दहा टक्के. म्हणून आट्यांना तेल लावणं ही दिसायला चांगली सवय घातक ठरू शकते. टॉर्क पान्यावर तेच २५ ठेवलेत, पण तेलामुळे घर्षण घटलं, तर ताण १६ वरून २१ किलोन्यूटनवर जातो. ८.८ चा बोल्ट इथे आपल्या सहनशक्तीच्या उंबरठ्यावर उभा असतो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे आधी वाचायचं.

उलट गाठ स्टेनलेसची. तिथे कोरडं कसलं की घासून वरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघतो आणि उघडा धातू धातूला जागच्या जागी चिकटतो. मग नट ना पुढे जातो ना मागे. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवणारं यंत्र आहे, त्यातला इलेक्ट्रॉनांचा झोत अतिनिर्वात नळीतून फिरतो. असल्या नळ्यांच्या जोडांत स्टीलची धार तांब्याच्या कडीत रुतवतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने कसतात, आणि ते जाम होऊ नयेत म्हणून चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट किंवा खास वंगण वापरण्याची पद्धत आहे. तिथे कुणी ‘अजून थोडं कस’ म्हणत नसावं.

माझी स्वतःची फजिती स्कूटरच्या स्पार्क प्लगची. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग स्टीलचा, आणि माझ्या हातात सियागंजातून आणलेला हातभर लांब दांड्याचा पाना. पाना जितका लांब तितका जोर कमी लागतो हे शाळेत शिकलेलं, पण जोर कमी लागला की अंदाजही कमी लागतो हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या वेळी प्लग काढला तर हेडचे आटे चकलीच्या तुकड्यासारखे त्याच्याबरोबर बाहेर आले. शेवटी त्या भोकात स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवून नवे आटे करून घेतले.

लांबीवरून आणखी एक. टॉर्क पान्याच्या टोकाला सरळ रेषेत जोडतुकडा लावला की भुजा लांबते, पण पान्याला ते माहीत नसतं. ४० सेंटिमीटरच्या पान्याला १० सेंटिमीटरची जोड दिलीत तर पाना ४० न्यूटन-मीटरला ‘टिक’ म्हणेल आणि बोल्टला मिळतील ५०. जोड काटकोनात लावली तर आकडा जवळपास तोच राहतो. बॅरलच्या नटाला असलेच जोडपाने लागतात, त्यामुळे ही चूक बंदूकवाले फार करतात.

मग मापाच्या चुका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना अगदी बसल्यासारखा बसतो, आणि तो ०.३ मिमीचा ढिलेपणा षटकोनाचे कोपरे खाऊन टाकतो. उघड्या तोंडाचा फिक्स पाना दोनच कोपऱ्यांवर जोर टाकतो, कडीसारखा रिंग पाना सगळ्यांवर वाटून देतो. तरी घरोघरी आधी हाताला लागतो तो फिक्सच. व्हाइसच्या नुसत्या दातांत घासूनपुसून गुळगुळीत केलेली नळी धरणाऱ्याबद्दल मी बोलणारच नाही. मध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घालायला काय जातं?

हे मापांचं भांडण ज्याने मिटवायला घेतलं, तो इंग्लिश इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ बॅरलचाही माणूस निघाला, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्याच्या आधी जवळजवळ प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. १८४१ मध्ये त्याने ५५ अंशांच्या आट्यांचं प्रमाण मांडलं. पुढे त्याने आतून षटकोनी पोकळीची बॅरल असलेली रायफल बनवली. १८६० मध्ये विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने तीच रायफल, स्टँडवर पक्की बसवलेली, ४०० यार्डांवरून दोरी ओढून झाडली, आणि गोळी मध्यबिंदूच्या अगदी जवळ लागली. अशा जुळणीत ‘अंदाजे’ला जागाच नाही.

भाच्याला हे सगळं पटलं. बॅरल गनस्मिथकडे गेली. जाताना हा सायकलच्या कामासाठी माझा टॉर्क पाना मागून घेऊन गेला. मी तीनदा सांगितलं: याने नट उघडायचा नाही, आणि काम झालं की मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायची, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि तिचा हिशेब बिघडतो. “हो मामा, हो.”

काल पाना परत आला. पुसलेला, पेटीत नीट ठेवलेला. मूठ ४५ वर.