फुकटचं ऊन, महागडं व्याज

तुमच्या ताटातल्या वरणातली थोडी तूर मलावीची असू शकते. भारताने 2021मध्ये या देशाशी करार केला: पाच वर्षं, दरवर्षी 50 हजार टन तूर. झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक यांच्या बेचक्यात बसलेला, समुद्रकिनारा नसलेला हा देश. लोकसंख्या दोन कोटींच्या घरात आणि वीज पोचलेली साधारण सातातल्या एकाकडे. स्वयंपाक बहुतेकांचा लाकडावर, नाहीतर 'मकाला'वर. मकाला म्हणजे चिचेवा भाषेत लोणारी कोळसा. सायकलच्या मागे कोळशाची फुगलेली पोती बांधून चढावर ती ढकलत नेणारी माणसं हे तिथल्या रस्त्यांवरचं रोजचं दृश्य.

ऊन मात्र भरपूर. 2010 ते 2020 या दहा वर्षांत सौर पॅनेलच्या किमती जवळपास 90 टक्क्यांनी उतरल्या. मग मलावीच्या माळांवर पॅनेल का पसरली नाहीत? सरकारला अक्कल नाही, धोरण नाही, असं उत्तर चटकन दिलं जातं. पण 2016मध्येच तिथे कायदा बदलून खासगी वीजनिर्मितीला दार उघडलं होतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच.

थोडं गणित करू. समजा, 100 कोटींचा सौर प्रकल्प पूर्ण कर्जावर उभारला आणि कर्ज 20 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं आहे. व्याज 5 टक्के असेल तर वर्षाचा हप्ता पडतो सुमारे 8 कोटी. तेच व्याज 15 टक्के झालं की हप्ता जवळजवळ 16 कोटी. ऊन तेच, पॅनेलही तीच, युनिटचा भाव मात्र दुप्पट. सौरऊर्जेत इंधनाचा खर्च नसतो, म्हणजे 20 वर्षांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि तो उसनवारीवर. डिझेल जनरेटरचं उलटं: यंत्र स्वस्त, डिझेल महिन्याच्या महिन्याला. व्याज चढलं की सौरऊर्जेला जबर फटका बसतो, जनरेटरला जेमतेम ओरखडा. गरीब देशात धूर ओकणारं यंत्र स्वस्त वाटतं ते यामुळे.

आणि मलावीत व्याज खरोखरच चढं आहे. तिथल्या रिझर्व्ह बँकेने 2024च्या फेब्रुवारीत धोरणदर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 26 टक्क्यांवर नेला. तेव्हा स्थानिक बँकेकडे वीस वर्षांचं कर्ज मागायला जाण्यात अर्थ नाही. बाहेरचं कर्ज स्वस्त, पण ते डॉलरमध्ये. वीजबिल मात्र लोक क्वाचा या मलावीच्या चलनात भरतात. 2023च्या नोव्हेंबरमध्ये अवमूल्यन झालं आणि 1,180 क्वाचांचा डॉलर एका झटक्यात 1,700 क्वाचांवर गेला. करारात युनिटचा दर 10 सेंट धरला असेल, तर आदल्या दिवशी 118 क्वाचांना मिळणारं युनिट दुसऱ्या दिवशी 170ला. विजेत काडीचाही बदल नाही.

हे दुखणं आपल्याला नवं नाही. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा दर डॉलरशी बांधलेला होता, राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमीही होती. 1999मध्ये वीज सुरू झाली आणि 2001मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने ती घेणं थांबवलं. महाराष्ट्र त्यातून सावरला, कारण मागे मोठी अर्थव्यवस्था होती. मलावीचं सरकार स्वतःच कर्जात बुडालेलं आहे. त्याच्या हमीपत्राला परदेशी बँक किती किंमत देणार? शिवाय तूर, चहा आणि मुख्यतः तंबाखू विकून जे डॉलर येतात, त्यांच्यापुढे खत, पेट्रोल-डिझेल आणि औषधं यांची रांग आधीच लागलेली असते. वीज कंपनी क्वाचांची थैली घेऊन तयार असली, तरी बदलून द्यायला डॉलर हवेत ना!

जुनी व्यवस्था तरी भरवशाची असती, तर एवढी घाई नव्हती. पण देशाची वीज वर्षानुवर्षं एकाच खुंटीवर टांगलेली आहे: मलावी सरोवरातून निघणारी शिरे नदी. न्कुला, तेदझानी, कापिचिरा ही मोठी जलविद्युत केंद्रं सगळी तिच्यावरच. 2017मध्ये सरोवराची पातळी घसरली आणि देश अंधारात गेला. 2022च्या जानेवारीत 'आना' वादळाचा पूर कापिचिराच्या धरणाचा बांध घेऊन गेला आणि सुमारे 130 मेगावॅट वीज वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. यात आणखी एक दुष्टचक्र आहे. वीज नाही म्हणून कोळसा, कोळशासाठी झाडं तोडायची, उघड्या डोंगरउतारांवरची माती पावसात शिरेत उतरते आणि तो गाळ जलविद्युत केंद्रांच्या तोंडाशी साचतो. वरून जलपर्णी वाहत येते. पुण्यात मुळा-मुठेकाठी राहणाऱ्यांना ती वेगळी ओळख करून द्यायला नको.

तरी काही उभं राहिलं. 2021मध्ये सरोवराजवळ सलिमा इथे 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. पुढच्या वर्षी गोलोमोटीला 20 मेगावॅटचा, तोही बॅटरीसकट. ही बॅटरी 10 मेगावॅट-तास वीज साठवते आणि 5 मेगावॅटने दोन तास देते. दोन तास म्हणजे फार नाही, पण सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे लागतात, त्या वेळेला तेही कामाचे. शिवाय ढग आला की सौरवीज झपकन घटते. मोठ्या ग्रिडला अशी घट समजतही नाही, मलावीचं ग्रिड मात्र इतकं छोटं आहे की ते हेलकावे खातं. बॅटरी तो हेलकावा पचवते.

2025च्या जानेवारीत दार-एस-सलामच्या परिषदेत 2030पर्यंत आफ्रिकेतल्या 30 कोटी लोकांना वीज देण्याचा निर्धार झाला, तेव्हा आपापला आराखडा मांडणाऱ्या पहिल्या 12 देशांत मलावीही होता. आराखड्यांचं मला फारसं कौतुक नाही. मी आधी पाहतो की क्वाचा घसरला तर तोटा कुणाच्या माथी: वीज कंपनीच्या, गुंतवणूकदाराच्या की कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या? आजवर तो बहुतेक वेळा पहिलीच्या वाट्याला आला आणि तिच्यामार्फत ब्लँटायर शहरातल्या एखाद्या शिंप्याच्या बिलात उतरला. राजधानी लिलाँग्वेत 20 मेगावॅटच्या बॅटरीची पायाभरणी 2024मध्ये झाली, ती मुख्यतः देणगीच्या पैशांवर. त्या पैशांवर व्याज नाही.