एमपीडीए लावला म्हणजे नक्की काय, आणि हे आलं कुठून

"अमुक गुंड एमपीडीएखाली वर्षभर स्थानबद्ध", ही बातमी आपल्याकडे सारखी असते आणि वाचणारा म्हणतो बरं झालं, सुटली एकदाची पीडा. एमपीडीए म्हणजे खटल्याशिवाय माणसाला आत ठेवायचा, स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा कायदा. पण ही शिक्षा नाहीये, या आदेशामागे कुठलाही खटला चाललेला नसतो, हा माणूस पुढे काहीतरी करेल असं पोलीस आयुक्तांना किंवा कलेक्टरना वाटलं, त्यांनी सही केली, बास.

खटल्याशिवाय आत टाकायचं हे हत्यार कंपनी सरकारचं. बंगालमध्ये १८१८चं तिसरं रेग्युलेशन, मुंबई इलाख्यात १८२७चं पंचविसावं. १८९७ला रँडचा खून झाल्यावर पुण्याच्या नातू बंधूंना याच पंचविसाव्याखाली उचललं, खटला भरलाच नाही. १९०७ला लाला लजपत राय थेट मंडालेला. मग १९१९चा रौलट कायदा, त्याविरुद्ध देश कसा पेटला ते शाळेतच शिकलोय.

म्हणजे स्वातंत्र्यानंतर हे जायला हवं होतं ना? उलट घटनेतच बसलं, तेही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, कलम २२. सप्टेंबर १९४९ला आंबेडकरांनी ही तरतूद मांडली तेव्हा अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं, वकील मिळणं हे सगळं त्यात आलं, पण स्थानबद्धांना वगळून, त्यांच्यासाठी फक्त तीन महिन्यांनंतर सल्लागार मंडळ, म्हणजे आत ठेवायला पुरेसं कारण आहे का ते बघणारं मंडळ. फाळणी, तेलंगणातला सशस्त्र लढा, भीती खरी होती हे मान्य. फेब्रुवारी १९५०ला पटेलांनी, म्हणजे स्वतः इंग्रजांच्या तुरुंगात वर्षं काढलेल्या माणसाने, एका वर्षापुरता म्हणून स्थानबद्धतेचा कायदा आणला आणि तो मुदतवाढ घेत घेत १९६९च्या डिसेंबरपर्यंत चालला. गोपालन या कम्युनिस्ट नेत्याने सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं, तर कोर्टाने १९५०लाच तो जवळपास सगळा उचलून धरला.

१९७१ला मिसा, केंद्राचा असाच स्थानबद्धतेचा कायदा. आणीबाणीत त्याखाली ३५ हजारांच्या आसपास लोक आत गेले आणि एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्ट चार विरुद्ध एक म्हणालं की त्यांना कोर्टात दादच मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्या. खन्ना, पुढे त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते याच्या पुढचं. मिसाखाली तुरुंगात बसून आलेलेच लोक, म्हणजे जनता पक्षवाले, सत्तेत आले, त्यांनी मिसा रद्द केला, ४४व्या घटनादुरुस्तीत तीन महिन्यांचे दोन केले, मंडळावर हायकोर्टाचा विद्यमान न्यायाधीश अध्यक्ष असावा असंही घातलं. पण ते लागू करायचं नोटिफिकेशन काही निघालं नाही, आणि नंतर सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली तरी आजतागायत निघालेलं नाही!

१९८०ला रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, १९८१ला महाराष्ट्राचा एमपीडीए. सुरुवातीला झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, ड्रग्जवाले एवढेच, मग धोकादायक व्यक्ती, व्हिडिओ पायरेट, वाळू तस्कर अशी भर पडत गेली. साक्षीदारांचे जबाब इन कॅमेरा, म्हणजे गुप्तपणे घेतलेले, नाव कळत नाही. हायकोर्ट यातले बरेच आदेश रद्द करतं, कधी उशीर झाला म्हणून, कधी कागद आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिले नाहीत म्हणून, पण तोवर वर्षातले कितीतरी महिने आत काढून झालेले असतात.