नाक कुठे, वाट कुठे : हेडिंग आणि ट्रॅक

भाचा इंदूरला विमान चालवायला शिकतोय. परवा इंदूर-भोपाळचा बेत टॅबलेटवर आखून घेऊन आला. स्क्रीनवर जांभळी रेघ, शेजारी ठळक ०६८, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ६८ अंश. "मामा, ०६८ धरून बसलं की पंचावन्न मिनिटांत भोपाळ!" म्हटलं, "आणि वारा?" तर म्हणे, "ते ॲप बघतं ना."

बघतं, पण वेगळ्या रकान्यात. ०६८ हा ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून जायची वाट. हेडिंग म्हणजे विमानाचं नाक कुठे रोखलंय ते. वारा पडलेला असला की दोन्ही आकडे एकच येतात. घरी बसून बिनवाऱ्याचा सराव केलेल्या पोरांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

महेश्वरच्या घाटावरून पलीकडे नावदाटोलीला जाणारी नाव आठवा. नर्मदा तिथे पश्चिमेला वाहते. नावाडी नाक थोडं डावीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो. नाव तिरकी दिसते आणि समोरच्या काठाला सरळ लागते. तिरकं नाक हे हेडिंग, सरळ वाट हा ट्रॅक.

आता भाच्याचंच गणित घ्या. अंतर सुमारे ९१ नॉटिकल मैल, विमानाचा हवेतला वेग १०० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), वारा ३४० अंशांच्या दिशेकडून येणारा, २० नॉट, म्हणजे जवळजवळ आडवा, डावीकडून. ०६८ च्या वाटेवर राहायचं तर नाक सुमारे ११ अंश डावीकडे, ०५७ वर हवं. जमिनीवरचा वेग ९७ च्या आसपास पडतो. उलट ०६८ हेच हेडिंग म्हणून धरलं, तर पंचावन्न मिनिटांनी भोपाळ डावीकडे १८ नॉटिकल मैलांवर, म्हणजे साधारण ३३ किलोमीटर लांब. विमान मात्र सगळा वेळ अगदी "बरोबर" दिशेला तोंड करून!

उडताना टॅबलेटवर जो आकडा हलतो, तोही बहुधा ट्रॅकच असतो. जीपीएसला आधीची जागा आणि आताची जागा एवढंच कळतं, नाक कुठे आहे ते कळत नाही. म्हणून ॲप्रनवर, म्हणजे विमानतळावरच्या विमानं उभी करायच्या जागेत, उभ्या विमानात तो बाण वेड्यासारखा फिरतो. हेडिंग पाहायचं ते विमानाच्या होकायंत्रात. आणि टॅबलेटच्या कव्हरात चुंबक असतं, ते होकायंत्राच्या शेजारी टेकवलं तर तेही खोटं बोलायला लागतं. हे मी पाहिलंय. शिकाऊ पोरगा नव्हता, मी स्वतःच होतो.

रेघेवरून सरकलं की काही जण नाक थेट भोपाळकडे वळवतात. वारा पुन्हा ढकलतो, पुन्हा वळवतात. पोचतात, पण केळ्यासारख्या वाकड्या वाटेने, जास्त पेट्रोल जाळून.

ॲप वाईट नाही. खरा हवेतला वेग आणि वारा नीट भरला तर हेडिंगचा रकाना ते क्षणात काढून देतं. पूर्वी आम्ही हे गणित करायची गोल तबकडी फिरवत बसायचो. फक्त मे महिन्यात काचेखाली टॅबलेट तापतो आणि स्क्रीन काळी होते. तेव्हा रेघही जाते आणि ट्रॅकही. हातात उरतं होकायंत्र आणि घड्याळ.

म्हणून भाच्याकडून वाटेवरची गावंही काढून घेतली. आष्टा रेघेच्या जरा उजवीकडे, सिहोर अगदी पोटाखाली. ०६८ हेडिंग धरून गेला असता तर आष्टा डाव्या खिडकीत दिसलं असतं, आठेक मैल दूर.

त्याने मांडीवरच्या पाटीवर पेन्सिलने मोठ्या अक्षरांत लिहिलं : "हेडिंग ०५७. आष्टा उजवीकडे, ३४ मिनिटं." मग टॅबलेट चार्जिंगला लावला.